अध्यापक महाविद्यालयाच्या दारात आपली मुले

पदवीचा निकाल हातात पडला की घराघरात एकच प्रश्न उभा राहतो, आता पुढे काय? जळगावच्या डाळ मिलमध्ये पोती उचलणारा बाप असो, भुसावळच्या रेल्वे लाईनीवर काम करणारा असो की धुळ्याच्या बाजार समितीतला हमाल असो, त्याच्या घरातला पहिला पदवीधर दारात उभा असतो आणि शेजारीपाजारी सांगतात, "बी.एड. करून टाक, मास्तरकी कुठे जात नाही." सल्ला वाईट नाही. पण हे बी.एड. किती दिवसांचे, त्याला काय लागते, पहिल्या महिन्यात काय अंगावर येते आणि पुढे नोकरीची वाट कशी आहे, हे नीट सांगणारे माणूस त्या घराच्या आसपास बहुधा नसते. आम्ही काही नोकरदार कार्यकर्ते ऑफिस सुटल्यावर विहारात बसून मुलांचे अर्ज भरून देतो. तिथे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे एका जागी मिळावीत म्हणून हा लेख.

शिकवायला शिकावे लागते

"शिकवायचे त्यात काय शिकायचे? ज्याला येते तो शिकवतो," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना सावित्रीबाईंचे उदाहरण द्यावे. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले होते, अहमदनगरला मिस फॅरार यांच्याकडे आणि पुण्याला मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये. शेणगोळे झेलणारी ही बाई आपल्या कामात तयार शिक्षिका होती, हे आपण अनेकदा विसरतो.

जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिले, त्यातही शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा मुद्दा ठळक आहे. शिक्षक प्रशिक्षित असावेत, ते शेतकरी-कष्टकरी वर्गातून तयार करावेत, नांगराचा रुमणा धरायची ज्यांना लाज वाटणार नाही असे असावेत आणि त्यांना पोटापुरता पगार असावा, किमान बारा रुपये तरी, असे त्यांचे म्हणणे होते. पोराच्या घरातली स्थिती ज्याला कळते तोच त्याला वर्गात टिकवू शकतो, हे जोतीरावांनी तेव्हाच ओळखले होते.

बाबासाहेबही प्राध्यापक होते. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवू लागले. सहकाऱ्यांपैकी काहींनी प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास हरकत घेतली. मुले मात्र त्यांची तयारी पाहून वर्गात खिळून राहिली आणि दुसऱ्या कॉलेजातली मुलेही ऐकायला येऊ लागली. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी ३१ जुलैला आपण जमतो, ते बाबासाहेबांच्या १९३७ च्या मुक्कामाची आठवण म्हणून. त्या दिवशी तिथे जाणाऱ्या प्रत्येक पदवीधराने बाबासाहेबांमधला हा अभ्यासू शिक्षकही आठवावा.

आधी दोन वर्षांचा हिशोब

पूर्वी बी.एड. एका वर्षाचे होते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने २०१४ साली नवे नियम केले आणि २०१५ पासून ते दोन वर्षांचे झाले. बरेच पालक अजून एकाच वर्षाचा हिशोब धरून चालतात आणि दुसऱ्या वर्षी घर अडचणीत येते. चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी झालेल्यांसाठी एक वर्षाचे बी.एड. पुन्हा आणण्याचा मसुदा परिषदेने २०२५ साली मांडला. पण मसुदा म्हणजे प्रवेश नव्हे. प्रवेश घेताना त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचावे आणि त्यावरच विसंबावे.

दुसरी गोष्ट हजेरीची. या नियमांप्रमाणे वर्गातल्या कामाला ८० टक्के आणि शाळेतल्या आंतरवासितेला ९० टक्के हजेरी लागते. आंतरवासिता दोन वर्षांत मिळून किमान २० आठवड्यांची असते. आठवड्याचे काम ३६ तासांचे धरलेले आहे. म्हणजे दिवसा दुकानात किंवा एमआयडीसीत काम करून बी.एड. करीन, हा विचार मनातून काढून टाकावा. सकाळी पेपर टाकणे, संध्याकाळी शिकवणी घेणे एवढेच जमू शकते. मुलगा दोन वर्षे कमावणार नाही, हे घरातल्या सर्वांनी एकत्र बसून आधीच मान्य करावे. त्याच वेळी बहिणीचे लग्न आणि घराचे बांधकाम काढले, की पहिला बळी त्याच्या शिक्षणाचा जातो.

इथेच एजंट भेटतात. "कॉलेजला जायचे कामच नाही, फक्त परीक्षेला बसा, पदवी घरपोच." अशा माणसाला दारातूनच परत पाठवावे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे बी.एड. आहे, पण ते आधीच नोकरीत असलेल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी आहे. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलासाठी ते नाही. कोणत्याही कॉलेजात पाऊल टाकण्यापूर्वी त्याला परिषदेची मान्यता आहे का, विद्यापीठाची संलग्नता आहे का आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने त्याची फी किती ठरवली आहे, या तीन गोष्टी तपासाव्यात. मूळ गुणपत्रके आणि दाखले कोणत्याही एजंटाच्या हाती देऊ नयेत.

आपल्या भागापुरते सांगायचे तर, १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन होईपर्यंत खानदेशची कॉलेजे पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. आज जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे या विद्यापीठात येतात. २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. आसोद्याच्या ज्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हते आणि जिचे शब्द मुलाने कागदावर उतरवून ठेवले, तिचे नाव आता आपल्या मुलांच्या पदवीवर छापले जाते. शाळेची पायरी न चढलेल्या आयांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे.

प्रवेश परीक्षा आणि कागदपत्रे

बी.एड.चा प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतो. पदवीला खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राज्यातल्या मागासवर्गीयांना ४५ टक्के गुण लागतात. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही परीक्षेला बसता येते. पेपर १०० गुणांचा असून ९० मिनिटे मिळतात. बुद्धिमापन, सामान्यज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता असे तीन भाग असतात. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नये. गेली काही वर्षे ही परीक्षा मार्चच्या सुमारास झाली आहे आणि अर्ज त्याआधी दोन-तीन महिने निघतात. निकाल लागल्यावर जून-जुलैत चौकशीला येणाऱ्या मुलाचे वर्ष इथेच वाया जाते.

परीक्षेपेक्षाही आमच्या मुलांना जास्त अडवतात ते कागद, आणि त्यातही जात पडताळणीचे प्रमाणपत्र. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेत गेले असतील तर त्यांचा दाखला सर्वांत उपयोगी. गेले नसतील तर तहसील कचेरीत जुन्या कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद शोधावी. वतनी जमिनीचे जुने उतारेही कामी येतात. ज्या महार वतनाच्या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, त्याच वतनाचा पिवळा पडलेला कागद आज नातवाला कॉलेजात जागा मिळवून देतो. म्हणून घरातल्या पत्र्याच्या पेटीतला कोणताही जुना कागद रद्दीत घालू नये.

दाखल्यावर नुसते "बौद्ध" लिहिलेले असेल तर धर्मांतरापूर्वीच्या जातीचा आजोबा-पणजोबांचा पुरावा जोडावा लागतो. १९९० च्या कायद्याने बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, तरी हा कागदाचा भाग सुटलेला नाही. काका, आत्या, चुलतभाऊ अशा वडिलांकडच्या नातेवाइकाचे पडताळणी प्रमाणपत्र असेल तर काम बरेच सोपे होते. म्हणून ज्याला ते मिळाले आहे त्याने भावकीला त्याची प्रत द्यावी. भांडण असले तरी द्यावी. मुलींच्या बाबतीत लग्नानंतरही पुरावा माहेरचाच लागतो. तेव्हा मुलगी सासरी जाण्यापूर्वीच हे काम उरकून घ्यावे.

शिष्यवृत्तीचे दोन भाग समजून घ्यावेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. त्यावर असेल तर फीमाफीसाठी वेगळा अर्ज असतो. दोन्ही अर्ज महाडीबीटीवर भरतात. शिष्यवृत्तीतला केंद्राचा हिस्सा विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या बँक खात्यात थेट येतो आणि त्यातून कॉलेजची फी भरायची असते. घरात कोणी आजारी पडले, किराण्याची उधारी थकली, की खात्यात आलेले हे पैसे खर्च होतात आणि मग फी थकते, परीक्षेचा अर्ज अडतो. त्या पैशाला घरातल्या कोणीही हात लावू नये.

बाहेरगावी राहणाऱ्या मुलांनी सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहाचा अर्ज आधी करावा. तिथे जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत जेवण, खोली आणि साहित्यासाठी ठरावीक रक्कम मिळते. ज्या शहरात घर आहे त्याच शहरातल्या विद्यार्थ्याला मात्र ती मिळत नाही. जळगाव ते धुळे अंतर सुमारे ९० किलोमीटर. रोज एस.टी.ने येऊन-जाऊन बी.एड. करू म्हणणारी मुले दिवाळीपर्यंत थकून जातात.

पहिला महिना

आता कॉलेज सुरू होते. पहिल्याच आठवड्यात मुलाच्या कानावर नवे शब्द पडतात. सूक्ष्म अध्यापन, सेतुपाठ, सराव पाठ, पाठ टाचण, घटक नियोजन, हर्बार्टची पंचपदी. घाबरून जायचे कारण नाही. या शब्दांमागची गोष्ट साधी असते.

सूक्ष्म अध्यापन म्हणजे एका वेळी एकच कौशल्य घेऊन पाच-सहा मिनिटांचा छोटा पाठ. १९६० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत निघाली. आज फक्त प्रश्न विचारणे, उद्या फक्त फळ्यावर लिहिणे, परवा फक्त पाठाची सुरुवात. समोर विद्यार्थी म्हणून आपलेच वर्गमित्र बसतात. सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे चर्चा, बारा मिनिटे नवी तयारी, पुन्हा सहा मिनिटे पाठ आणि सहा मिनिटे चर्चा, असे ३६ मिनिटांचे हे चक्र आहे. पहिला पाठ फसला तरी लगेच दुसरी संधी असते. ज्या मुलांना आयुष्यात कोणी दुसरी संधी दिली नाही, त्यांनी हा भाग मनापासून घ्यावा.

पाठ टाचण म्हणजे उद्या वर्गात काय करायचे त्याचा आधी लिहिलेला आराखडा. काही मुले मागच्या वर्षीच्या वह्या आणून उतरवून काढतात. त्याने शेरा मिळतो, शिकवता येत नाही. आंतरवासितेत खऱ्या शाळेत चाळीस पोरांसमोर उभे राहिल्यावर उतरवलेले टाचण दोन मिनिटांत संपते.

अडचण येते ती भाषेची. आपल्या घरात अहिराणी किंवा तावडी बोलतात. डोळ्याला डोया, काळ्याला काया म्हणतात. मुलगा फळ्यापुढे उभा राहिला की तोंडातून तेच निघते आणि वर्गात खसखस पिकते. एखाद्या ठिकाणी मार्गदर्शकही "तुमची भाषा अशुद्ध आहे" असे चारचौघांत बोलून मोकळे होतात. एवढ्या एका वाक्याने कॉलेज सोडायला निघालेली मुले आम्ही पाहिली आहेत.

त्या मुलांना आम्ही दोन गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे प्रमाण मराठी शिकून घ्या, कारण पाठ्यपुस्तक त्यात आहे आणि परीक्षाही त्यात आहे. रोज अर्धा तास वर्तमानपत्र मोठ्याने वाचा. दोन-तीन महिन्यांत जीभ वळते. दुसरी म्हणजे घरच्या बोलीची लाज धरू नका. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणात १९०७ च्या खंडात खानदेशीची स्वतंत्र नोंद आहे आणि २०११ च्या जनगणनेत ही मातृभाषा सांगणारे १८ लाखांहून अधिक लोक होते. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही शक्य तितके मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असे सांगतो. उद्या हाच शिक्षक साक्री, शिरपूर, चोपडा किंवा यावलच्या डोंगराकडच्या शाळेत गेला तर समोर पावरा, भिल्ल, तडवी मुले असतील. त्यांची बोली ऐकून जो हसणार नाही आणि पुस्तकातला शब्द त्यांच्या शब्दाशेजारी फळ्यावर लिहील, त्याच्याच वर्गात ती टिकतील. ज्याला स्वतःला हसले गेले आहे, त्याला हे अधिक चांगले कळते.

आणखी एक. बी.एड.च्या विषयांत समाज, विषमता, लिंगभाव, सर्वसमावेशक शाळा हे सगळे येते. या प्रश्नांची उत्तरे आपल्या मुलांनी नुसती गाईडमधून पाठ करू नयेत. शाळा सुटणारी मुलगी, हंगामात ऊसतोडीला जाणारे कुटुंब, मागच्या बाकावर बसवलेले पोर, हे त्यांनी स्वतः पाहिलेले असते. ते नीट मराठीत लिहावे. परीक्षक वाचतो.

विषय आणि नोकरीची वाट

प्रवेशाच्या वेळीच अध्यापन पद्धतीचा विषय ठरतो. गणित, विज्ञान, इंग्रजी, मराठी, हिंदी, इतिहास-भूगोल हे शाळेतले विषय आहेत. आमच्यासारख्या बी.कॉम.वाल्यांची इथे पंचाईत होते, कारण वाणिज्य हा विषय मुख्यतः अकरावी-बारावीला असतो आणि तिथे एम.कॉम. आणि बी.एड. दोन्ही लागतात. म्हणून वाणिज्याच्या मुलांनी एम.कॉम. करण्याची तयारी ठेवूनच या वाटेला यावे.

पालकांना खरे सांगितले पाहिजे. बी.एड. झाले म्हणजे नोकरी लागली असे नाही. २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने शिक्षकभरती थांबली आणि पुढे अनेक वर्षे हजारो मुले घरी बसली. मग पवित्र पोर्टल आले. त्यासाठीची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी २०१७, २०२३ आणि २०२५ अशी तीनदा झाली. २०० गुणांच्या या चाचणीतल्या गुणांवर निवड होते. जिल्हा परिषदेसारख्या संस्थांत मुलाखतीशिवाय आणि खाजगी संस्थांत मुलाखतीसह. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा दुसरा पेपर उत्तीर्ण व्हावा लागतो. १५० पैकी खुल्या प्रवर्गाला ६० टक्के आणि आपल्याला ५५ टक्के गुण लागतात. पहिली ते पाचवीसाठी मात्र बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. लागते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात हे स्पष्ट केले. ज्याला लहान मुलांनाच शिकवायचे आहे त्याने बी.एड.वर दोन वर्षे घालवू नयेत.

नोकरी लागल्यावरही पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधन असते. २०२३ मध्ये ते माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार रुपये झाले. नोकरी लावून देतो म्हणून शेत किंवा मंगळसूत्र गहाण टाकायला लावणारे दलाल गावोगाव आहेत. २०१९-२० च्या टीईटीत पैसे देऊन गुण वाढवल्याचे उघड झाले आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. पैसे गेले, पात्रता गेली आणि तोंड दाखवायला जागा राहिली नाही. आपल्या मुलांनी अभ्यासानेच जायचे आहे. तो रस्ता लांब आहे, पण त्यावर कोणी चौकशी लावत नाही.

घरच्यांनी आणि वस्तीने

या दोन वर्षांत घराने मुलाला फार काही द्यायचे नसते. संध्याकाळचे दोन तास शांतता, टी.व्ही. बंद आणि पाठाच्या दिवशी सकाळी वेळेवर कळण्याची भाकरी डब्यात. सून बी.एड. करीत असेल तर आंतरवासितेच्या २० आठवड्यांत तिच्या वाट्याची धुणीभांडी इतरांनी वाटून घ्यावीत. पाहुण्यांची वर्दळ त्या दिवसांत थोडी कमी करावी. सावित्रीबाईंचा फोटो भिंतीवर आहे आणि खाली सुनेची वही चुलीपाशी मिटून पडली आहे, हे चित्र शोभत नाही.

वस्तीनेही एक काम करावे. आपल्या विहारांतून दहावीच्या मुलांचे संध्याकाळचे वर्ग चालतात. तिथे बी.एड.च्या मुलांना आठवड्यातून दोन पाठ घेऊ द्यावेत. त्यांना खरा फळा आणि खरी मुले मिळतील, दहावीच्या मुलांना फुकट शिक्षक मिळेल. मागे एखाद्या निवृत्त गुरुजींना बसवावे. पाठ संपल्यावर त्यांनी दोन चुका आणि एक चांगली गोष्ट सांगावी. आधी चांगली गोष्ट सांगावी.

घरात कोणी यंदा पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असेल तर त्याने आजच पाच कामे हाती घ्यावीत. आजोबांचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकातली नोंद मिळवणे, जात पडताळणीचा अर्ज करणे, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढणे, बँक खाते आधारला जोडणे आणि सीईटीच्या सरावासाठी रोज पन्नास प्रश्न सोडवणे. पहिली चार कामे झाली तर प्रवेशाच्या दिवशी रांगेतून परत फिरावे लागत नाही. पाचवे झाले तर कॉलेज निवडता येते.